सिगार बॉक्स गिटार आणि नऊ व्होल्टचा अँप घरी कसा करायचा

एक लाकडी खोकं, एक तीन फुटी पट्टी आणि तीन तारा. सिगार बॉक्स गिटार म्हणजे एवढंच. आणि हे खरंच वाजतं, नुसतं शोभेचं नाही, नीट केलं तर ह्यावर तासन् तास वाजवत बसावंसं वाटतं. मी आत्तापर्यंत सहा केल्यात, त्यातल्या पहिल्या दोन बिघडल्या आणि का बिघडल्या ते मला नंतर कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. बाकी सगळीकडे हात सैल सोडा, पट्टी थोडी वाकडी तासली गेली, खोक्याचा कागद फाटला, भोकं एका रेषेत नाही आली, काही बिघडत नाही. फक्त दोन जागी अजिबात ढिलाई नको. एक म्हणजे तारेची लांबी, तिथे मिलिमीटर बघायचा. दुसरी म्हणजे पिएझो, म्हणजे झाकणाची थरथर विजेत बदलणारी चकती, ज्या सर्किटला जोडतो त्याचा पहिला टप्पा. ह्या दोन गोष्टी साधल्या की तुमची पहिलीच गिटार सुरात वाजेल.

आधी थोडं हे आलं कुठून ते. अमेरिकेत १८६० च्या दशकात सिगारवर कर लागला आणि सिगार खोक्यातून, वर कराचा स्टँप चिकटवून विकायची सक्ती झाली, त्यामुळे घरोघरी चांगल्या पातळ लाकडाची रिकामी खोकी पडायला लागली. यादवी युद्धातल्या सैनिकांची चित्रं काढणाऱ्या एडविन फोर्ब्सचं १८७६ चं एक चित्र आहे, त्यात एक सैनिक सिगारच्या खोक्याचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवताना दिसतो. पुढे दक्षिणेतल्या गरीब घरांमध्ये, विकतची गिटार परवडत नाही म्हणून, पोरं हेच करून वाजवायची. रॉकाबिलीवाला, म्हणजे रॉक अँड रोल आणि कंट्रीचं मिश्रण गाणारा, कार्ल पर्किन्स, त्याची पहिली गिटार वडिलांनी सिगारचं खोकं आणि झाडूचा दांडा जोडून केलेली. आणि रॉक अँड रोलवाल्या बो डिडलीची ती प्रसिद्ध चौकोनी गिटार बघा, तिचा आकार सरळसरळ खोक्याचा आहे.

आपल्याला ह्यात परकं काही वाटायचं कारणच नाही. गोंधळ्याच्या हातातलं तुणतुणं बघा, एक पोकळ भांडं, एक काठी, एक तार, एक खुंटी. मिसिसिपीकडची पोरं घराच्या भिंतीला खिळ्यांवर तार ताणून खाली बाटली सरकवून वाजवायची, तेही एकतारीच. म्हणून मी ह्या लेखात नेकला दांडी, ब्रिजला घोडी आणि फ्रेटला पडदे म्हणणार आहे, हे शब्द आपल्याकडे आहेतच.

खोकं. खरं सिगारचं खोकं मिळालं तर उत्तम, परदेशातून येणाऱ्या कोणाला सांगून ठेवा, तिकडच्या सिगारच्या दुकानात रिकामी खोकी मिळतात. माझी दोन तशीच आलीत, मावसभावाने बॅगेत कपड्यांच्या मधे घालून आणली. नाही मिळालं तर ड्रायफ्रूटचं लाकडी गिफ्ट खोकं, चहाचं खोकं, जुना दागिन्यांचा डबा, काहीही चालतं, मी एक बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याची पण केलीय, तिचा आवाज थोडा बँजोकडे जातो, मला तो फार आवडतो. आकार साधारण नऊ इंच लांब, सहा इंच रुंद आणि दीड-दोन इंच खोल असावा. खोकं निवडताना झाकणावर बोटाच्या पेराने टकटक करा. ठण्ण असा मोकळा आवाज आला तर ते घ्या, ठप्प असा मेलेला आवाज आला तर झाकण फार जाड आहे. तीन ते चार मिमीचं झाकण सगळ्यात छान बोलतं.

दांडीसाठी सागवानाची पट्टी, दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड, तीन फूट लांब. जवळच्या सुतारकाकांकडे जा, त्यांच्याकडे दरवाजाच्या कामातून उरलेल्या पट्ट्या असतातच, त्यांना सांगा की रंधा मारून चारही बाजू गुण्यात करून द्या. घेताना पट्टी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा, जशी बंदुकीची नळी बघतात तशी, पीळ असेल तर लगेच दिसतो. गाठ असलेली पट्टी नको, आणि रेषा लांबीच्या दिशेने सरळ धावणाऱ्या पाहिजेत कारण तीन तारांचा ताण कायम तिच्यावर राहणार आहे. ओलं लाकूड अजिबात नको, पावसाळ्यात घेतलं तर महिनाभर घरात कपाटावर आडवं ठेवा आणि मग कामाला घ्या.

बाकी सामान असं. गिटारच्या खुंट्या तीन, वाद्यांच्या दुकानात सहाचा सेट मिळतो, उरलेल्या तीन पुढच्या गिटारला येतात. अकूस्टिक गिटारच्या तारांचा एक सेट. पाव इंची बोल्ट दोन, दीड इंच लांबीचे, पूर्ण आट्यांचे. एक लहान पितळी बिजागरी. काही स्क्रू. हत्यारं म्हणाल तर करवत, पटाशी, कानस, ड्रिल, गुण्या, स्टीलची फूटपट्टी आणि काचपेपर. टेपने मोजू नका, टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी हलते, तिथेच एखादा मिमी जातो.

आता दांडीवर आखणी करा. वरच्या टोकापासून साधारण दीडशे मिमी खुंट्यांसाठी सोडा आणि तिथे गुण्या लावून आडवी रेघ मारा, ही नटची रेघ, म्हणजे तारा खुंट्यांकडे वळण्याआधी जिथे टेकतात ती जागा. ह्या रेघेपासून बरोबर ६३५ मिमीवर घोडी येणार. ६३५ म्हणजे पंचवीस इंच, बऱ्याच गिटारची लांबी ह्याच्या आसपास असते म्हणून विकतच्या तारा ह्यावर नीट ताणल्या जातात. घोडीच्या पुढे अजून साधारण पासष्ट मिमी खोकं आणि मग पंचवीस मिमी दांडीचं शेपूट बाहेर. बेरीज होते ८७५, पट्टी ९१४ ची आहे, म्हणजे थोडं उरतंच.

खुंट्यांचा भाग वरून सात मिमी तासून बारा मिमी जाड ठेवा. हे दोन कारणांसाठी, एक तर खुंट्यांचा दांडा एकोणीस मिमी लाकडातून वर येतच नाही, आणि दुसरं म्हणजे तारांना नटवर खाली वळण मिळायला पाहिजे, वळण नसेल तर तार नटवर नुसती तरंगते आणि झणझणते. खुंट्यांची भोकं पाडण्याआधी तुमच्या खुंटीचा दांडा आणि त्याची रिंग मोजा, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, आणि आधी टाकाऊ लाकडावर एक भोक पाडून बघा.

आता जिथे माझी पहिली गिटार बिघडली ती जागा. दांडी खोक्याच्या आरपार जाते, एका भिंतीतून आत आणि दुसऱ्या भिंतीतून बाहेर, आणि झाकण तिच्यावर बसतं. मी पहिल्या वेळी दांडी तशीच सरळ घातली आणि झाकण फेव्हिकॉलने तिला चिकटवून टाकलं, मजबूत होईल म्हणून. मजबूत झालं, पण आवाज पार बसला, कारण झाकण हलूच शकत नव्हतं. ह्या वाद्यात झाकण म्हणजे सतारीची तबली, तिला मोकळं सोडलंच पाहिजे. तर करायचं असं, खोक्यात येणारा दांडीचा भाग वरून तासून खाली घ्यायचा, झाकणाची जाडी अधिक तीन मिमी एवढा. झाकण चार मिमीचं असेल तर सात मिमी. फक्त दोन्ही टोकांना, जिथे खोक्याच्या भिंती येतात तिथे, नुसती झाकणाच्या जाडीएवढीच खाच, म्हणजे झाकण तिथे टेकेल आणि मधे सगळीकडे तीन मिमी हवा राहील. करवतीने दर पंधरा मिमीवर सात मिमी खोल काप मारत जा आणि मग पटाशीने मधले तुकडे उडवत या, अर्ध्या तासात होतं. झालं की झाकण बसवून आत एक पोस्टकार्ड घाला आणि दांडी आणि झाकण ह्यांच्या मधून सरकवून बघा, कुठेही अडकता कामा नये.

खोक्याच्या दोन्ही आखूड भिंतींमध्ये दांडीएवढी खाच कापा, थोडी घट्टच, मग कानशीने हळूहळू वाढवा. हे खोके पातळ असतात, करवत जोरात ओढली की भिंत फाटते, म्हणून कापायच्या रेघेवर आधी मास्किंग टेप लावा. दांडी आत बसली की खोक्याच्या तळातून दोन स्क्रू दांडीत मारायचे तर मधे लाकडाचे ठोकळे लागतात, कारण दांडी तळापासून वर असते. झाकण फक्त कडेने, भिंतींवर, बारीक स्क्रूने बसवा. चिकटवू नका, पिएझोसाठी पुन्हा उघडायचंय. आवाज बाहेर पडायला झाकणाच्या वरच्या कोपऱ्यात पंचवीस मिमीची दोन भोकं पाडा, घोडीपासून लांब.

नट आणि घोडी दोन्हीला बोल्टच वापरतो आपण. नटच्या रेघेवर कानशीने आडवी चर काढा, बोल्ट अर्धा आत बसेल एवढी. तारा बोल्टच्या आट्यांमध्ये आपोआप बसतात, वेगळ्या खाचा करायला नकोत. अडतीस मिमी रुंदीत तीन तारा म्हणजे कडेपासून सहा, एकोणीस आणि बत्तीस मिमीवर. दुसरा बोल्ट घोडी, तो एका चपट्या लाकडी पट्टीवर चर काढून बसवा आणि ती पट्टी झाकणावर नुसती ठेवा. पुन्हा सांगतो, नुसती ठेवा. तारांचा दाब तिला जागेवर धरून ठेवतो. तारांची शेपटं अडकवायला दांडीच्या मागच्या टोकाला ती बिजागरी, तिचं एक पान दांडीच्या शेवटच्या कापावर स्क्रूने पक्कं आणि दुसरं पान झाकणाच्या बाजूला मोकळं, त्या पानात तीन बारीक भोकं पाडायची, तारेचा पितळी गोळा भोकात अडकतो आणि ताण आला की पान आपोआप घोडीकडे ओढलं जातं. बिजागरीला स्क्रूची भोकं असतातच, पण ती तारेच्या गोळ्यापेक्षा मोठी असतात म्हणून वेगळी पाडावी लागतात.

घोडी का चिकटवायची नाही ते माझ्या दुसऱ्या गिटारवरून सांगतो. मी घोडी फेव्हिक्विकने चिकटवली, मोजून चिकटवली असं मला वाटत होतं, आणि मग वाजवताना खालचे सूर बरे लागायचे पण वर गेलं की सगळं चढं. दोन दिवस तारा बदलल्या, खुंट्या बदलल्या. शेवटी पट्टी लावली तर लांबी ६२८ निघाली, सात मिमी कमी. सात मिमीने काय होतं असं वाटेल, पण बाराव्या पडद्याची रेघ (पडद्यांची मापं पुढे दिलीत) ३१७.५ वर होती आणि तारेचा खरा मध्य ३१४ वर, म्हणजे बाराव्या रेघेवर सूर जवळजवळ वीस सेंट चढा (शंभर सेंट म्हणजे एका पडद्याचं अंतर), आणि एवढं चढं कानाला लगेच टोचतं. घोडी उचकटताना झाकणाचा थर निघाला तो आजही दिसतो.

म्हणून घोडी मोकळी ठेवा आणि तपासायची पद्धत ही. तार सुरात लावा, बाराव्या रेघेच्या बरोबर वर बोटाने तारेला नुसता हलका स्पर्श करून छेडा, घंटीसारखा स्वच्छ सूर निघतो. मग त्याच रेघेवर स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारेवर सरकवायची नळी, ठेवून छेडा. दोन्ही सूर एक आले तर घोडी बरोबर. स्लाइडचा सूर चढा असेल तर घोडी शेपटाकडे सरकवा, उतरलेला असेल तर नटकडे. एकेक मिमीने सरकवा. बरोबर बसली की घोडीच्या दोन्ही बाजूंनी पेन्सिलने खूण करून ठेवा, तारा बदलताना उपयोगी पडते.

पडद्यांच्या रेघांची गणितं करत बसू नका, ६३५ साठी मी काढून देतो, सगळी मापं नटपासूनच मोजायची, एका पडद्यापासून दुसऱ्या पडद्यापर्यंत नाही, नाहीतर प्रत्येक वेळची चूक पुढे साठत जाते. पहिला ३५.६, दुसरा ६९.३, तिसरा १०१, चौथा १३१, पाचवा १५९.३, सहावा १८६, सातवा २११.२, आठवा २३५, नववा २५७.४, दहावा २७८.६, अकरावा २९८.६ आणि बारावा ३१७.५ मिमी. लांबी वेगळी घेतली असेल तर लांबीला १७.८१७ ने भागा, ते पहिलं अंतर, मग उरलेल्या लांबीला पुन्हा त्यानेच भागा, असं करत जा.

पहिल्या गिटारला धातूचे पडदे बसवूच नका असं माझं ठाम मत आहे. पडद्यांच्या चिरा कापायला साधारण अर्धा मिमीची बारीक करवत लागते, मग पडदे ठोकणं, एका पातळीत घासणं, हे सगळं वेगळं काम आहे आणि पहिली गिटार त्यातच अडकून पडते. फक्त मार्करने रेघा मारा आणि स्लाइडने वाजवा. ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या संगीताचा, तो रडवेला, सरकत जाणारा सूर स्लाइडमधूनच येतो, आणि आपल्याला तर मींड ऐकायची सवय लहानपणापासूनची. स्लाइड म्हणून पान्याच्या सेटमधला सतरा-एकोणीस नंबरचा सॉकेट करंगळीत घाला, किंवा जाड काचेची छोटी बाटली. स्लाइडसाठी तारा थोड्या उंच पाहिजेत, बाराव्या रेघेवर पाच-सहा मिमी. तार दाबायची नाही, स्लाइड नुसती टेकवायची आणि बरोबर रेघेच्या वर ठेवायची, रेघेच्या मागे नाही.

तारा लावताना सेटमधल्या पाचवी, चौथी आणि तिसरी एवढ्याच घ्या. जाडी खाली जी, मधली डी आणि बारीक वरचा जी. पाचवी तार मुळात ए ची असते, ती एक सूर उतरवायची, बाकी दोन्ही आहेत तिथेच राहतात. मोबाइलवरचं ट्यूनर अॅप घ्या, ते ९८, १४७ आणि १९६ हर्ट्झ दाखवेल. माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांना मी जी डी जी सांगायला लागलो तर ते म्हणाले अरे हे पांढरी पाचचं सा प सा आहे, तंबोराच लावलायस की तू. आणि खरंच तसंच आहे, पेटीवर पांढरी पाचचा सा धरून कानाने लावलं तर अॅपची गरजच लागत नाही.

आता वीज. गिटार अशीच हातात घेऊन खोलीत ऐकू येते, पण अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्याला, जोडली की ती वेगळंच वाद्य होते.

पिएझो म्हणजे ती पितळी चकती, वाढदिवसाच्या म्युझिकल ग्रीटिंग कार्डात असते तीच, सत्तावीस मिमीची घ्या, दहा-वीस रुपयांत मिळते. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे ह्या लेखातलं इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान एका फेरीत मिळतं. शक्यतो वायर लावलेलीच चकती घ्या. नसेल तर पितळी कडेला एक वायर, ती ग्राउंड, आणि मधल्या पांढऱ्या भागावर दुसरी, ती सिग्नल. पांढऱ्या भागावर सोल्डरिंग करताना टोक एक-दोन सेकंदांच्या वर टेकवू नका, त्यावरचा चांदीचा पातळ थर उडतो आणि मग तिथे सोल्डर धरतच नाही, माझ्या दोन चकत्या अशाच गेल्यात. चकती झाकणाच्या आतल्या बाजूला, घोडीच्या अगदी खाली नको, दोन-तीन सेंमी बाजूला. मी ती कातड्याच्या दोन तुकड्यांत सँडविच करून फोम टेपने लावतो, त्याने स्लाइड घोटताना होणारी खरखर आणि अँपसमोरची शीळ दोन्ही कमी होतात. तिथून पावइंची मोनो जॅकपर्यंत (केबल खुपसायची जागा) वायर आखूड ठेवा आणि शील्डवाली घ्या. अजून एक वायर बिजागरीपासून जॅकच्या ग्राउंडला जोडा, तारांना हात लागला की गुणगुण गप्प होते.

आता ढिलाई नको अशी दुसरी जागा. अँपसाठी आपण एलएम ३८६ नावाची आठ पायांची आयसी वापरणार, लहान अँपसाठी सगळ्यात सोपी. पण तिचा इनपुट इंपीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध, पन्नास के, म्हणजे पन्नास किलोओहम. आणि पिएझो चकती विजेच्या भाषेत म्हणजे साधारण वीस नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ही दोन थेट जोडली तर १६० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं, आणि मधे दहा केचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमीजास्त करायचा फिरता रेझिस्टर) टाकला तर ही रेघ हजार हर्ट्झच्या जवळ जाते. तुमची जाडी तार ९८ ची. म्हणजे जाडी तार अँपपर्यंत पोचतच नाही, नुसता पातळ, पत्र्यावर टाचणी पडल्यासारखा आवाज येतो, आणि लोक म्हणतात पिएझो बेकार असतो. पिएझो बेकार नसतो, त्याला पुढे मोठा रेझिस्टन्स लागतो, दोन-अडीच मेगाओहमचा, तेवढं दिलं की भरलेला आवाज येतो.

त्यासाठी एक जेफेट, म्हणजे एका प्रकारचा ट्रान्झिस्टर, पुरतो. परदेशी सर्किटमध्ये जे २०१ किंवा एमपीएफ १०२ लिहिलेलं असतं, ते इकडे दरवेळी मिळत नाहीत, पण इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधला बीएफडब्ल्यू १० आठवतोय का, तो चालतो. त्याला चार पाय असतात, गेट, ड्रेन, सोर्स आणि चौथा बाहेरच्या धातूच्या टोपीचा, तो ग्राउंडला. पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघूनच जोडा. जोडणी अशी, जॅकचा सिग्नल थेट गेटला, गेटपासून ग्राउंडला २.२ मेगाओहम. ड्रेन नऊ व्होल्टला. सोर्सपासून ग्राउंडला ३.९ के. सोर्सवरून ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तो दहा केच्या व्हॉल्यूम पॉटच्या वरच्या पायाला, पॉटचा खालचा पाय ग्राउंडला, आणि मधला पाय आयसीच्या तीन नंबरला. हा टप्पा आवाज वाढवत नाही, फक्त पिएझोवरचा भार काढून घेतो.

आयसीचं पुढे सोपं आहे. खाच वर धरली की डावीकडे वरून खाली एक ते चार आणि उजवीकडे खालून वर पाच ते आठ. दोन आणि चार ग्राउंडला, सहा नऊ व्होल्टला. पाच नंबर आउटपुट, तिथून २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याची प्लस बाजू आयसीकडे, आणि मग स्पीकर, स्पीकरचं दुसरं टोक ग्राउंडला. हा कपॅसिटर गाळू नका कारण पाच नंबरवर कायम बॅटरीच्या निम्मे व्होल्ट असतात, स्पीकर थेट जोडला तर स्पीकर आणि आयसी दोन्ही तापतात. ४७० चा मिळाला तर अजून छान, आठ ओहमच्या स्पीकरला २२० वर साधारण ९० हर्ट्झपासून आवाज उतरायला लागतो, ४७० वर ती मर्यादा पंचेचाळीसच्या खाली जाते. पाच नंबरपासूनच ग्राउंडला दहा ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एकामागे एक. सहा आणि चारच्या मधे ०.१ आणि १०० मायक्रोफॅरड, आयसीच्या जितकं जवळ लावाल तितकं चांगलं, हे लांब लावले की आयसी स्वतःच शीळ घालायला लागते.

एक आणि आठ नंबर मोकळे सोडले तर आवाज वीसपट वाढतो. त्यांच्या मधे दहा मायक्रोफॅरड लावला, प्लस एक नंबरकडे, तर दोनशेपट. मी ह्या कपॅसिटरसोबत एक केचा पॉट लावतो आणि त्याला गेन म्हणतो. तो पूर्ण फिरवला की आवाज फाटायला लागतो, आणि हे फाटणंच हवंय, तीन तारांवर सॉकेट घासत गेला आणि स्पीकर करकरला की ब्लूजच्या जुन्या रेकॉर्डमधला तो खरबरीतपणा येतो. सगळं झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या तयार पाटीवर, करा, आयसीला बेस लावा, आयसी थेट सोल्डर करू नका. पहिल्यांदा चालू करताना आयसी बेसमध्ये न घालताच सहा नंबरवर नऊ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने बघा, मग बॅटरी काढून आयसी घाला.

अँपचं खोकं म्हणून मी जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचा लाकडी डबा वापरलाय, स्पीकर पण त्यातलाच, चार इंची आठ ओहम. पण एक गोष्ट, माळ्यावर आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर त्याला हात लावू नका, त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहू शकतात. नऊ व्होल्टच्या बॅटरीत अल्कलाइन घ्या, साधी बॅटरी मोठ्या आवाजात भराभर बसते. अॅडॅप्टर लावायचा तर नऊ व्होल्टचा रेग्युलेटेड घ्या, मी आधी एक स्वस्तातला लावला होता आणि मंडईतल्या ट्यूबलाइटसारखी सतत हम्म यायची, बॅटरी लावताच गेली.

वाजवायला सुरुवात अशी करा. मोकळ्या तिन्ही तारा एकदम, हा सा. स्लाइड आडवी तिन्ही तारांवर पाचव्या रेघेवर, हा म. सातव्या रेघेवर, हा प. झालं, ब्लूजला एवढ्याच तीन जागा लागतात. चार मात्रांचा एक घर धरा आणि चार घरं सा, दोन घरं म, दोन घरं सा, मग एक घर प, एक घर म आणि शेवटची दोन घरं परत सा, अशी बारा घरं झाली की पुन्हा पहिल्यापासून. पायाने ठेका धरा. हे जमलं की तिसऱ्या रेघेवरून हळूच पाचव्यावर सरकत जा, तो कोमल ग मधून निघणारा सूर कानात बसला की हात आपोआप तिकडे जायला लागतो. स्लाइडच्या मागची बोटं तारांवर नुसती टेकवून ठेवा, मागची झणझण थांबते.

पहिले तीन-चार दिवस तारा सारख्या उतरतील, घाबरू नका, नवीन तारा ताणल्या जातात आणि दांडीही ताण घेऊन थोडी वाकते. दर वेळी वाजवण्याआधी सा प सा लावून घ्या. आठवड्याने पुन्हा बाराव्या रेघेवरची ती तपासणी करा, घोडी बहुतेक एखादा मिमी सरकवावी लागेल, आणि पेन्सिलची खूण नव्या जागी करून घ्या.